अण्णांच्या बेटावर दिवस मावळतो

आमच्या शेजारचे आदगोंडा अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. यात नवल काही नाही. निपाणीत जैनांच्या कितीतरी घरांत संध्याकाळी साडेसहाला ताटं घासून पालथी घातलेली असतात. नवल पुढेच आहे. अण्णा व्हिडिओ गेम खेळतात, आणि गेममधला दिवस मावळला की गेममधला त्यांचा माणूसही जेवायचा थांबतो.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाहेर दुपारचे तीन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. पडद्यावरच्या बेटावर मात्र सूर्य समुद्रात बुडत होता. अण्णांच्या माणसाची भुकेची पट्टी लाल होऊन लुकलुकत होती आणि त्याच्या झोळीत पाच केळी होती.

"अण्णा, केळं खावा की! मरतंय ते!" मी ओरडलो.

अण्णांनी पांढरी टोपी सारखी केली, टोपीवरचे हेडफोन सारखे केले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, दिवस मावळला न्हवं? मग कसं खाईल?"

माणूस खरोखर मेला. पाच केळी तशीच राहिली. अण्णांनी पडद्याला हात जोडले आणि नवा डाव लावला.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत द्यायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. अण्णांच्या बाबतीत मात्र माझं मत दर आठवड्याला बदलत गेलं, आणि तशी सवय मला नाही.

अण्णांचं वय त्रेसष्ट. सगळा जन्म तंबाखूची पारख करण्यात गेला. पान बोटांत धरायचं, नाकाशी न्यायचं आणि ते कुठल्या गावच्या रानातलं हे सांगायचं. आता धंदा बसला आणि घरामागची वखार रिकामी झाली. त्या रिकाम्या वखारीत अण्णांनी भलामोठा पडदा लावला आणि एक लाल-काळी खुर्ची आणली. त्या खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून खाली गोणपाटाची घडी ठेवलेली असते. वखारीला अजून तंबाखूचा वास आहे. नवा माणूस आला की आधी चार शिंका देतो आणि मग नमस्कार करतो.

कुठलाही नवा गेम आला की लोक बंदुका बघतात, गाड्या बघतात. अण्णा झाडाची पानं बघतात. साऱ्या जगानं डोक्यावर घेतलेला एक गेम त्यांनी पाच मिनिटांत बंद केला. "हे झाड काढणाऱ्यानं जन्मात झाड बघितल्यालं न्हाय. पानाला शीर कुठाय?" आणि कुणी ढुंकून न बघितलेला दुसरा एक गेम त्यांनी महिनाभर खेळला. का, तर त्यात पाऊस पडून गेल्यावर गवत बरोबर एका बाजूला कलतं.

ज्या बेटावरच्या खेळाविषयी मी सांगतोय, त्यात केळीचा घड उलटा काढला होता. अण्णांनी माझ्याकडून इंग्रजी तपासून घेऊन कंपनीला दोनदा पत्र पाठवलं. तिसऱ्या महिन्यात घड सुलटा झाला. योगायोग असेल, पण अण्णांसमोर तसं म्हणायची सोय नाही.

या खेळात चौघाचौघांची टोळी एका बेटावर उतरते. अन्न शोधायचं, जगायचं, आडव्या येणाऱ्या टोळ्यांना मारायचं आणि शेवटी किनाऱ्यावर येणाऱ्या बोटीत चढायचं. बोटीतली घंटा वाजवली की बोट सुटते आणि डाव जिंकला. यातलं मारायचं हे काम अण्णांनी आजतागायत केलेलं नाही. बंदूक सापडली की ते ती विहिरीत टाकतात. ओसाड घरांतून बटाटे सापडतात, ते कंदमूळ म्हणून चालत नाहीत. जखमेवर सगळ्यात चांगलं औषध मध, तो वर्ज्य. पाणी गाळून घ्यायची सोय खेळात नाही, त्याचं तिसरं पत्र तयार आहे. दहा माणसं मारल्याशिवाय किंवा पैसे भरल्याशिवाय खेळाडूला स्वतःचं नाव लावता येत नाही. अण्णा दोन्ही करत नाहीत, म्हणून ते तिथं नुसता एक पाच आकडी नंबर आहेत.

मग ते करतात काय? पडलेल्यांना उचलतात. टोळीतला कुणी जखमी झाला की बाकीचे पुढे पळतात आणि अण्णा मागे फिरतात. गोळ्या सुटत असोत, लांडगे येत असोत, ते पट्टी बांधायला जातातच. एकदा तर त्यांनी दुसऱ्या टोळीच्या माणसालाही पट्टी बांधली. त्यानं उठल्या उठल्या अण्णांनाच गोळी घातली.

"मागं ऱ्हायल्याल्याला सोडून जायचं न्हाय," हे अण्णांचं पालुपद. चहा पितानाही म्हणतात, गल्लीतलं कुत्रं मागे राहिलं तरी म्हणतात. या पालुपदापायी आमची टोळी आठ महिन्यांत एकदाही बोटीपर्यंत पोचली नव्हती. आमची म्हणजे अण्णा, मोबाइलवर खेळणारा मी आणि आयत्या वेळी येतील ते दोघे.

जुन्या खेळांचा विषय निघाला की अण्णांना चेव येतो. "आमच्या टायमाला स्टँडमागं दोन मशिनी हुत्या, मास्तर. नाणं टाकलं की तीन जीव. तीनच! वर्गणी काढल्यागत जपून वापरायचे. आत्ताची पोरं जीव उधळत्यात निस्ती."

"कुणाबरोबर खेळायचा?" मी एकदा विचारलं.

"हुतं एकजण," अण्णा म्हणाले आणि पडद्यावरच्या एका झुडपाची पानं तपासू लागले.

एका रविवारी आमच्या टोळीत नवा गडी आला. पैसे भरून लावलेलं नाव ‘कुंदा’. बेळगावची मिठाई नावाला लावणारा माणूस बेळगावचाच असणार, एवढा भूगोल मला येतो. कुंदा बरा खेळायचा. बंदूक त्याच्याकडेही नव्हती, पण नवशिक्यांकडे नसतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. बेटावर सूर्य कलला. आम्ही चौघे एका झाडाखाली बसलो होतो. कुंदाच्या भुकेची पट्टी लाल झाली. त्याच्या पुढ्यात तीन केळी पडली होती आणि तो त्यांच्याकडे बघत बसला होता.

"खा की रे बाबा!" मी माईकवर म्हणालो.

कुंदा हलला नाही. बेटावर अंधार झाला तसा तो केळ्यांपासून चार पावलं दूर जाऊन बसला. मी हसत अण्णांकडे वळलो, तर अण्णा हसत नव्हते. त्यांनी हळूच हात पुढे करून स्वतःचा माईक बंद केला.

त्या दिवसापासून अण्णांचा माईक ‘बिघडला’. बिघडला म्हणजे कुंदा खेळात असला की बिघडायचा आणि कुंदा गेला की दुरुस्त व्हायचा. कुंदाही बोलायचा नाही. दर रविवारी तीन वाजता तो न चुकता यायचा. तो पडला की अण्णा धावायचे, अण्णा पडले की तो धावायचा. दोघे मुके आणि मधे मी एकटा आकाशवाणीसारखा बडबडतोय. शेवटी मी वैतागलो आणि अण्णांच्या पत्नीला, म्हणजे आक्कांना, गाठलं. सुमनआक्का तांदूळ निवडत होत्या.

"आक्का, हा कुंदा कोण?"

आक्कांनी आधी आत-बाहेर बघितलं. "शांतूभावजी. ह्यांचा धाकटा भाऊ. दुसरं कोण आसंल? ह्यांच्या आईनं ल्हानपणी दोघांस्नी सांगितलंतं, भातुकलीतबी दिवस मावळल्यावर खायाचं न्हाय. ती सवय जगात दोघांस्नीच हाय. ह्यांनी वळखलं, त्येंनीबी वळखलं आसणार."

"मग बोलत का नाहीत?"

"सा वर्सं झाली बोलून," आक्का म्हणाल्या, आणि मला सगळी हकिकत कळली.

शांतू बेळगावला नोकरीला. त्यांच्या मुलीचं लग्न तिथं ठरलं. आक्का कामाला म्हणून दोन दिवस आधी गेल्या. निपाणीचं वऱ्हाड न्यायला शांतू स्वतः बस घेऊन आले. वाटेत संकेश्वरला चहाला गाडी थांबली. निघताना शांतूंनी दारात उभं राहून कानडीत ओंदु, एरडु करत डोकी मोजली. अठ्ठेचाळीस निघाले होते, अठ्ठेचाळीस भरले. बस सुटली. प्रत्यक्षात संकेश्वरचा एक म्हातारा पाहुणा मधेच चढला होता, म्हणून आकडा जुळला. आणि अण्णा खाली राहिले होते. त्यांचा फोन पिशवीत, पिशवी बसमध्ये.

अण्णा अर्धा तास रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग समोरून आलेली निपाणीची एसटी धरून घरी आले. लग्नाला गेलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, शांतूनं गाडी परत का फिरवली नाही? शांतूंचं म्हणणं, दर दहा मिनिटाला बेळगावची गाडी आहे, अण्णा तिच्यात का बसला नाही?

"चहाला तर थांबलीती गाडी. हे गेलते कुठं, ते आजतागायत सांगितल्यालं न्हाय कुणाला," आक्का म्हणाल्या. "दरसाल पर्व सरलं की हे साऱ्या गावाला क्षमा मागत्यात. गोठ्यातल्या म्हशीलाबी मागत्यात. भावाला तेवढी न्हाय. मास्तर, दोघंबी साठी वलांडल्याली. ह्या बारीला न्हाय, तर मग कवा?"

आता मी भावकीच्या भांडणात पडणारा माणूस नाही. पण त्या आठवड्यात मला नकाशे तपासताना बेळगाव-निपाणी रस्ताच दिसायचा.

त्या वर्षी क्षमावणी रविवारी आली. दहा दिवसांचं पर्व संपलं, की झाल्यागेल्याची सगळ्यांकडे क्षमा मागायचा हा दिवस. सकाळी अण्णा बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, आले आणि गल्लीभर हात जोडत फिरले. मलाही म्हणाले, "मास्तर, वर्सात काय चुकलं-माकलं आसंल तर उत्तम क्षमा." मी मोठेपणानं दिली आणि लगेच मागूनही घेतली, कारण चुकांची माझी यादी लांब होती.

तीन वाजता आम्ही वखारीत बसलो. आक्का कधी तिकडे फिरकत नाहीत. त्या दिवशी सूप घेऊन वखारीच्या दारातच बसल्या. बेटावर अण्णा, मी, कुंदा आणि चौथा कुणी परगावचा. खेळ असा जमला की सांगता सोय नाही. बेटावर दिवस मावळला, अंधार पडला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा बोटीचा दिवा दिसला. मी चढलो, परगावचा चढला, कुंदाही चढला. अण्णांचा माणूस मात्र भुकेनं किनाऱ्याच्या अलीकडेच कोसळला होता. झोळीत अर्थातच केळी होती.

खरं सांगतो, माझं बोट घंटेवर होतं. मला जिंकायचं होतं. माणसानं किती रविवार हरायचं?

एवढ्यात कानात एक घोगरा आवाज आला. "ओंदु."

मी दचकलो. वखारीत अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"एरडु. मूरु." आवाज थांबला. मग एकदम मोठा झाला. "चौथा न्हाय! अण्णा ऱ्हायलाय खाली!"

आणि कुंदानं बोटीतून पाण्यात उडी टाकली. परगावच्या गड्याला धीर नव्हता, त्यानं घंटा वाजवली. बोट सुटली आणि माझ्या मोबाइलवर ‘विजय’ अशी सोनेरी अक्षरं नाचू लागली. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो, आणि मी स्वतःही तिकडे बघत नव्हतो. मी अण्णांच्या पडद्याकडे बघत होतो, कानात टोळीचा आवाज चालूच होता.

कुंदा कमरेएवढ्या पाण्यातून परत आला. त्यानं अण्णांच्या माणसाला पट्टी बांधली, उठवून बसवलं. बोट गेली की त्या खेळात मागे राहिलेल्यांना काही मिळत नाही, ते नुसते बेटावर असतात. ते दोघे खडकावर बसून राहिले. दोघांच्या पट्ट्या लाल, दोघांच्या झोळीत केळी. कुणी हात लावला नाही. सुदैवानं त्या खेळातली रात्र सात मिनिटांची आहे. समुद्रावर उजाडलं, तसं कुंदानं एक केळं काढून अण्णांच्या पुढे वाळूत ठेवलं.

अण्णांनी माईक चालू केला. त्याआधी दोनदा भलतंच बटण दाबलं.

"शांतू, आदी तू खा."

"मोजायला चुकलो, अण्णा."

"आकडा जुळलावता की रं. तुजं काय चुकलं? मी मागची गाडी धरून याया पायजे हुतं. उत्तम क्षमा, बाळा."

"उत्तम क्षमा, अण्णा." कुंदानं एक केळं खाल्लं. मग, "पर तू गेलतास कुठं?"

अण्णांनी हेडफोनखालची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हाटेलाच्या मागल्या अंगाला एक जुनी मशीन हुती. आपल्या स्टँडमागं हुती तसली. दोन नाणी टाकलती. म्हटलं, शांतू हुडकत येतंय मला. लेक चालली म्हणून जरा कासावीस हाय. एक डाव खेळू दोघं, मग गाडीत बसू." त्यांनी टोपीची घडी सारखी केली. "तुजा बी डाव मीच खेळलो, लवकर संपू ने म्हणून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बेळगावातल्या त्या घरात तंबाखूची वखार नाही, एवढं मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांना मात्र वखारीचा वास झोंबला, असं मी त्या वेळी आक्कांना सांगितलं.

आक्का सूप घेऊन उठल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. त्या अण्णांना म्हणाल्या, "आत्ता गाडी काढली तर पोचत्यात म्हणावं. भात टाकते."

"शांतू, तुजी वैनी म्हणत्या..." अण्णा म्हणाले, आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्यांनी हेडफोन काढून आक्कांच्या हातात दिले.

आक्कांनी ते पदरावरून कानाला लावले आणि बेळगावपर्यंत तसाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी! दिवस मावळायच्या आत जेवाया या. आन् वाटंत संकेश्वरला थांबू नगा!"