गार मूळ स्थितीत सादर करावी

निसर्गापुढे माणूस हतबल आहे असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी विमा कंपनीत नोकरी केलेली नसावी. मी एकतीस वर्षं केली आणि अनुभवाने सांगतो, वादळ, पूर, भूकंप हे सगळे शेवटी एका फॉर्मात मावतात. नाही मावले तर पुरवणी जोडता येते.

मी कंपनीच्या अटी-लेखन कक्षात होतो. पॉलिसीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते आभाळातून पडत नाही, कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत ते लिहितं. ते मी. कंसांवर माझा फार जीव, म्हणून ऑफिसात मला 'कंसमामा' म्हणत. मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

गारपीट हे माझं खास क्षेत्र. आमच्याकडे ती वर्षाआड होते आणि पूर्वी दर खेपेला फुटकी कौलं घेऊन कंपनीच्या दारात रांग लागायची. त्यात एक महाभाग असा निघाला की त्याने स्वतःचीच कौलं हातोडीने फोडली होती आणि हातोडी त्याच पिशवीत विसरला होता. (पिशवी परत केली. हातोडी आजही कक्षात कागदांवर वजन म्हणून आहे.) अशा लबाडांना चाप बसावा म्हणून मी कलम चौदा लिहिलं. ते इथे पूर्ण देतो, कारण एरवी ते कुणी वाचत नाही:

"गारपिटीने छताचे नुकसान झाल्यास विमाधारकाने नुकसान करणारी किमान एक गार पाहणीच्या वेळी मूळ स्थितीत सादर करावी (गार म्हणजे आकाशातून आपणहून पडलेला, पाच मिलिमीटरहून मोठा, घन स्वरूपातील बर्फ, यात शेजाऱ्याने फेकलेला अथवा फ्रीजमध्ये तयार केलेला बर्फ यांचा समावेश होत नाही, तसेच प्रस्तुत लेखन अखेरपर्यंत वाचणारी व्यक्ती प्रस्तुत लेखकाच्या छतावर एक दिवस विनामोबदला राबण्यास राजी असल्याचे गृहीत धरले जाईल, मिलिमीटर म्हणजे प्रचलित मिलिमीटर). पाहणी एकवीस कामकाजी दिवसांच्या आत कधीही होईल."

कलम लागू झालं आणि पहिल्याच वर्षी दावे चारशे बारावरून तीनवर आले. त्या तिघांपैकी एकाने बाटलीभर पाणी आणून ती गारच असल्याचं शपथेवर सांगितलं. दुसऱ्याने फोटो आणला (फोटो मूळ स्थितीत होता, गार नव्हती). तिसरा नुसताच रडला. वार्षिक सभेत संचालकसाहेब म्हणाले की भागातली गारपीट जवळपास आटोक्यात आली आहे, आणि त्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. ते अजून चालतं.

मी निवृत्त झालो त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या घराची वरची खोली कौलारू आहे. तिथे आमच्या हिची चार शिलाई मशीनं. शाळेचे गणवेश शिवायचं काम ती वीस वर्षं करते आहे. माझ्या पगारातून घर उभं राहिलं आणि तिच्या मशीनांवर ते चाललं, हे मी सहसा चारचौघांत बोलत नाही.

एका मंगळवारी दुपारी तीन वाजता गारा पडल्या. सात मिनिटं. वरून हिची हाक आली, "अहो, छत गेलं! धावा!"

मी धावलो. पण वर नाही, अंगणात. डोक्यावर पातेलं पालथं घातलं, हातात चिमटा घेतला आणि गारा वेचू लागलो. गल्लीतली माणसं ताडपत्र्या शोधत होती, सामान हलवत होती. शेजारचे दातांचे डॉक्टर खिडकीतून ओरडले, "मामा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पातेल्याखाली आहे," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या. अख्ख्या गल्लीत कलम चौदा ठाऊक असलेला मी एकटा. बाकीच्यांना सांगितलं नाही (व्यावसायिक गुप्तता). अकरा गारा मिळाल्या. प्रत्येकीला वेगळी डबी, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, वेळ आणि कोणतं कौल फोडलं ते. फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढून तिथे त्यांची सोय केली. वीज गेली की डब्या छातीशी धरून कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे पळायचं. असे एकोणीस दिवस गेले.

तोवर छताला हात लावायचा नव्हता. पाहणीआधी दुरुस्ती केल्यास दावा रद्द होतो (कलम पंधरा, तेही माझंच). मध्ये एकदा सर आली आणि चाळीस फ्रॉक भिजले, एका मशीनला गंज चढला. ही म्हणाली, "माझी मशीनं पाण्यात आणि तुम्ही बर्फाची सेवा करताय! काय म्हणावं या माणसाला!"

"धीर धर," मी म्हणालो. "कागद पक्के आहेत."

विसाव्या दिवशी पाहणीला बाई आल्या. तरुण, अदबशीर. मी डब्या ओळीने मांडल्या. त्यांनी मोजपट्टी लावली, चिठ्ठ्या वाचल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मामा, नोकरीला सहा वर्षं झाली. गार पहिल्यांदाच बघतेय."

मी हिच्याकडे पाहिलं. असं पाहायची संधी संसारात फार कमी येते.

"पण मामा, हिने कौल फोडलं?" अकरा नंबरची उचलत बाईंनी विचारलं.

"चांगलं दोन तुकडे केले."

"आणि ही शाबूत कशी?" त्यांनी माझ्या पॉलिसीचं पान उलटलं आणि वाचून दाखवलं: "शाबूत गार ही आपटलीच नसल्याचा पुरावा समजण्यात येईल. फुटलेली गार मूळ स्थितीत नसल्याने ग्राह्य धरली जाणार नाही."

"हे कुठल्या गाढवाने लिहिलं?" मी ओरडलो.

बाईंनी तारीख दाखवली. माझ्या निवृत्तीच्या आठ दिवस आधीची. मग आठवलं. तीन दावे म्हणजेही तीन झालेच की, असं साहेब म्हणाले होते, आणि मी जेवणाच्या सुट्टीआधी ते दोन ओळींत मिटवलं होतं. त्याच पानाखाली विमाधारक म्हणून माझी सही होती: 'वरील सर्व वाचले व समजले.' वाचलं नव्हतं. स्वतः लिहिलेलं परत कोण वाचतं?

हिने आत जाऊन बाईंसाठी पाणी आणलं, अकरा नंबरची गार त्यात टाकली आणि पेला पुढे केला. मग मला म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांची छतं काढलीत, आज आपलं निघालं. त्याचं मला काही नाही. पण महिन्याभरात पावसाळा लागेल. मी शिवू कुठे, तेवढं सांगा."

मला लाज वाटली. हे वाक्य कंसात घालणार होतो, पण राहू द्या.

कौलं शाकारणारा दोन महिने मोकळा नाही. गल्लीतलं कुणी मदतीला येईना, कारण कलम चौदा कुणाचं ते बाईंच्या तोंडून सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी तर दात दाखवायला येऊ नका म्हणून निरोप धाडला. म्हणजे राहिलात तुम्ही.

हसू नका. जरा वर जाऊन कलम चौदातला कंस पुन्हा वाचा. 'मिलिमीटर म्हणजे प्रचलित मिलिमीटर' याच्या लगेच आधीचं. मघाशी तिथून भरभर पुढे आलात ना? सगळेच येतात. माझी नोकरी त्यावरच चालली.

तर रविवारी सकाळी आठला हजर राहावं. कौलं आणून ठेवली आहेत, शिडी आमची, डबा आपापला. शिडी जुनी आहे, तेव्हा घरून निघण्यापूर्वी तुमचा विमा पडण्याला लागू आहे का, ते मागच्या पानावर बघून या.