बीजगणिताचे अपेक्षापत्र

सोलापुरातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला बीजगणित हा विषय आहे, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. प्रश्न फक्त तो सुरू कधी करायचा, एवढाच होता.

निवेदिता बार्शीकर या तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापिका जुलैच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता वर्गात शिरल्या. हजेरी घेऊन त्यांनी फळा पुसला आणि एक समीकरण लिहायला घेतले. बरोबरचे चिन्ह काढून झाले, तोच दारात गुणवत्ता कक्षाचे प्रमुख प्राध्यापक देवदत्त येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"बीजगणित, सर."

"ते दिसतंय. अपेक्षापत्र वाटलं का?"

अपेक्षापत्र देवदत्त सरांनी मे महिन्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून, स्वतः लिहिले होते. ते सव्वीस पानी होते. विषयाच्या विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा आहेत, विद्यार्थ्याने विषयाकडून कोणत्या अपेक्षा ठेवू नयेत, हजेरी किती टक्के, समास किती बोटे, शंका कोणत्या नमुन्यात विचारावी, हे सारे त्यात होते. प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचून, समजून, पानोपानी सही केल्याशिवाय विषय सुरू करता येत नसे. मॅडमनी समीकरण पुसले. त्याची उजवी बाजू लिहायची राहूनच गेली.

बासष्टपैकी एकसष्ट जणांनी दहा मिनिटांत सह्या केल्या. मायाक्काला दोन दिवस लागले, कारण तिने ते वाचले.

मायाक्का मंद्रूपच्या पुढच्या एका वाडीवरून रोज एसटीने यायची. घरी शंभरेक मेंढरे होती. गावच्या शाळेत गणिताचे शिक्षक नसल्याने गणित पीटीचे सर शिकवायचे. आधी मैदानाला दोन फेऱ्या, मग सतराचा पाढा. आपण नीट गणित शिकायचे आणि त्याच शाळेत शिकवायला जायचे, हे तिने दहावीतच ठरवून टाकले होते.

तिसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली. "म्याडम, ह्यात बीजगणित कुटं हाय?"

मॅडमनी पाने चाळली. "पहिल्या पानावर आहे की. शीर्षकात."

"त्ये बगितलं. आत कुटं हाय?"

ही शंका विहित नमुन्यात नसल्यामुळे ती थेट गुणवत्ता कक्षाकडे गेली. कक्षाने निष्कर्ष काढला की विद्यार्थ्यांनी अपेक्षापत्र न समजता सह्या केल्या आहेत. बैठक झाली. बीजगणित सुरू करण्यापूर्वी अपेक्षापत्रावर चाळीस गुणांची पूर्वपरीक्षा घ्यावी आणि संपूर्ण वर्ग उत्तीर्ण झाल्यावरच विषयास प्रारंभ करावा, असे ठरले.

सातवा प्रश्न असा होता: 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी काय करू शकेल?' पर्याय चार होते. अ, निष्पत्ती साध्य करील. ब, साध्य निष्पत्तीचे मापन करू देईल. क, मापनाची नोंद ठेवील. ड, वरील सर्व. मायाक्काने पेनाने खाली पाचवा पर्याय लिहिला: 'इ, आधी सुरू तर करा.' आणि त्यावर खूण केली.

त्या परीक्षेत अकरा जण उत्तीर्ण झाले. उरलेल्यांसाठी बीजगणिताच्या तासाला अपेक्षापत्राचे उपचारात्मक वर्ग भरू लागले. निवेदिता मॅडम फळ्यावर निष्पत्ती लिहीत आणि मुले उतरवून घेत. नवी पेठेतल्या दुकानात 'अपेक्षापत्र: संभाव्य प्रश्न व आदर्श उत्तरे' हे गाइड आले. सात रस्त्याजवळ एका क्लासने फक्त अपेक्षापत्राची वेगळी बॅच काढली आणि आठवड्यात ती भरली. गणपती बसेपर्यंत एकसष्ट जण उत्तीर्ण झाले होते.

मायाक्का राहिली होती. ती दर वेळी, आता प्रत्येक प्रश्नाला, 'इ' लिहीत होती.

"अगं, 'ड' लिही की," बाकावर शेजारी बसणारी सोनाली कळवळून म्हणाली. "तुझ्या एकटीपायी आमचं सगळ्यांचं बीजगणित अडलंय."

"आन सुरू झालं तर तुला पायजे व्हय?"

सोनालीने क्षणभर विचार केला. "नको बया. अजून एक विषय कोण वाढवून घेणार?"

मंद्रूपची एसटी साडेचारला असे. कॉलेज साडेतीनला सुटे. त्या मधल्या तासात दुचाकी स्टँडच्या कठड्यावर बसून मॅडम मायाक्काला बीजगणित शिकवू लागल्या. कोणी ठरवले नव्हते. एके दिवशी मायाक्काने पुस्तकातला एक प्रश्न दाखवला, दुसऱ्या दिवशी आणखी दोन दाखवले. चार आठवड्यांत त्यांची तीन प्रकरणे झाली. एकदा मायाक्काने एक पानभर लांबीचे गणित चार ओळींत सोडवले. मॅडमनी ते दोनदा तपासले.

"हे तुला कुणी दाखवलं?"

"कोन दावतंय? दोनी बाजूंनी सारकंच काडलं, मग उरलं त्ये दिसलं."

मॅडम बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत राहिल्या. आठ वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी काहीतरी शिकवले होते.

आठवड्याभराने त्यांना नोटीस मिळाली. 'दिनांक १७ ऑक्टोबर रोजी दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी आपण दुचाकी स्टँडलगत एका विद्यार्थिनीसह समीकरणे सोडवताना आढळून आला आहात. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मॅडमनी खुलासा केला: 'सदर विद्यार्थिनी गणिताच्या वर्गात असून मी गणिताची प्राध्यापिका आहे.' चौकशी समितीने हा खुलासा काळजीपूर्वक वाचला आणि तो कबुलीजबाब म्हणून स्वीकारला.

एवढ्यात सत्र संपायला तीन आठवडे उरले. पंचेचाळीस तासांचा विषय तीन आठवड्यांत होणे शक्य नव्हते आणि अपूर्ण अभ्यासक्रम हा महाविद्यालयाच्या मूल्यांकनात मोठा डाग ठरला असता. प्राचार्य अस्वस्थ झाले. देवदत्त सर मात्र शांत होते.

"सर, सुरूच न झालेला अभ्यासक्रम अपूर्ण कसा राहील?" ते म्हणाले. "उलट अपेक्षापत्र शंभर टक्के शिकवून झालंय. परीक्षा त्याचीच घेऊ."

बीजगणिताची परीक्षा त्याप्रमाणे अपेक्षापत्रावर झाली. फक्त एक गफलत झाली. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेवरून नवी तयार करताना सहावा प्रश्न, वीस गुणांचा, खोडायचा राहिला. तो बीजगणिताचा होता.

परीक्षागृहात खळबळ उडाली. एकसष्ट विद्यार्थ्यांनी तो कोरा सोडला आणि बाहेर येताच अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्याची तक्रार केली. मायाक्काने तो सोडवला, दोन रीतींनी.

तक्रार रास्त होती. समितीने निर्णय दिला की ज्यांनी प्रश्न कोरा ठेवला त्यांना पूर्ण वीस गुण द्यावेत. ज्यांनी तो सोडवला त्यांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन उत्तर लिहिल्यामुळे त्यांना शून्य द्यावे. निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला. महाविद्यालयाच्या इतिहासात बीजगणिताचा इतका निकाल कधीच लागला नव्हता. देवदत्त सरांचा चादर देऊन सत्कार झाला.

मायाक्काला मिळाले बावीस. उत्तीर्ण होण्यास चाळीस लागत होते.

तिचे वडील बिरुदेव मेंढरे भावाच्या हवाली करून कॉलेजात आले. पटका सारखा करत ते देवदत्त सरांच्या टेबलासमोर उभे राहिले. मायाक्का मागे, दाराला टेकून उभी होती.

"सायेब, पोरीचं गनित चुकलं काय?"

"छे. अगदी बरोबर आहे. मॅडमनी तपासलंय."

"मग नापास कशानं?"

"बरोबर आहे म्हणूनच. कोरं सोडलं असतं तर वीस गुण मिळाले असते."

"म्हंजी येत नसतं, तर पास झाली असती?"

"आता तुम्हाला नियम समजला!" देवदत्त सर मनापासून म्हणाले. एवढ्या लवकर तो अजून कोणालाच समजला नव्हता.

स्टँडवर एसटीची वाट बघताना मायाक्काने वही छातीशी धरली होती.

"पाठ करून दे जा त्यास्नी," बिरुदेव म्हणाले. "पुडं तर जाशील."

"आबा, मला समदं येतंय."

"ठावं हाय मला. त्येंला येत न्हाय, त्येला तू काय करनार?"

मायाक्काने चार दिवसांत सव्वीस पाने पाठ केली आणि एप्रिलच्या फेरपरीक्षेत जिथे जिथे 'ड' होता तिथे 'ड' लिहिला. तिला चौऱ्याण्णव गुण मिळाले. त्यानंतर वर्गात तिने एकही प्रश्न विचारला नाही. देवदत्त सरांनी वार्षिक अहवालात याची नोंद 'विद्यार्थिनीच्या शैक्षणिक वर्तनात लक्षणीय सुधारणा' अशी केली. मॅडमना पुढच्या वर्षी तासिका उपलब्ध नसल्याचे कळवण्यात आले.

जूनमध्ये मूल्यांकनाची सर्वोच्च श्रेणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रवेशाची रांग फाटकाबाहेर पार रिक्षाथांब्यापर्यंत गेली. अनुभवाचा दाखला न्यायला आलेल्या निवेदिता मॅडम ती रांग बघून थांबल्या. त्यांना राहवेना. त्यांनी रांगेतल्या पालकांना सगळी हकिकत सांगितली: सव्वीस पाने, पाचवा पर्याय, कोऱ्या प्रश्नाचे वीस गुण, बरोबर उत्तराला शून्य.

पालकांनी लक्ष देऊन ऐकले. दुचाकी स्टँडवरच्या नोटिशीचा भाग आला तेव्हा एकाने कपाळावर हात मारला, बरेच जण हसू लागले. वच्छलाबाई नावाच्या एका आईने पदराने डोळे पुसले आणि विचारले, "आणि ती पोरगी काय करती हो आता?"

"दुसऱ्या वर्षाला आहे. आता पाठ करते."

"अरेरे. लई वाईट झालं बघा." वच्छलाबाई हळहळल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण मॅडम, श्रेणी वरचीच मिळालीय ना? पेपरात आलंय ते खरंय ना?"

"खरं आहे."

"मग जरा बाजूला व्हा की. माझा नंबर जाईल."

बाकीचे अजून हसत होते. कसला भारी कारभार आहे बघा, असे एकमेकांना सांगत होते. अगदी आत्ता तुम्ही हसताय तसेच, मोकळेपणाने, आपला त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखे. तेवढ्यात खिडकी उघडली. हसता हसताच सगळ्यांनी अर्ज सारखे केले आणि एकेक पाऊल पुढे सरकले.