गोठ्यातला सोफा

वरकुट्याच्या मानसिंगरावांनी घरच्या चारही म्हशी आठवडाभर लपवून ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे, पण त्यांना अडवतही कुणी नसे. अडवायचं म्हणजे समोर बसून वाद घालावा लागतो, आणि त्यांच्या बायकोला, राजलक्ष्मीला, तेवढा रिकामा वेळ नव्हता. तिला त्याच चार म्हशींच्या धारा काढायच्या असत.

म्हशी लपवायच्या होत्या एका परदेशी मुलीपासून. मानसिंगरावांचा यशराज बारामतीच्या शेती कॉलेजात शिकत होता (म्हणजे तिथल्या कॅन्टीनमध्ये बसत होता). त्या कॉलेजात नेदरलँडहून मारिके नावाची विद्यार्थिनी एक्स्चेंजवर आली होती, आणि कॉलेजच्या करुणा मॅडम तिच्यासाठी घर बघत वरकुट्यापर्यंत आल्या होत्या.

"तिच्या घरी गायींची मोठी डेअरी आहे," मॅडम म्हणाल्या, "पण म्हशींचं काम तिनं कधी केलेलं नाही. तेच शिकायला ती आलीय. पहिला आठवडा ती शेतकऱ्याच्या घरी राहील आणि गोठ्यात राबेल. आणि ज्या गोठ्यात ती काम शिकेल, त्या घरातलं आमच्या कॉलेजचं पोरगं उन्हाळ्यात तिच्या घरच्या डेअरीवर शिकायला जाईल."

यातलं शेवटचं तेवढं मानसिंगरावांच्या कानात शिरलं. (त्यांच्या कानांची घडणच तशी आहे. पाणीपट्टीचा विषय त्यांना आजवर ऐकू आलेला नाही.) मॅडमची गाडी वळायच्या आत यशराज त्यांच्या डोक्यात विमानात बसला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो फॉरेनला निघाल्याची बातमी त्यांनी इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचवली. आता पोरगं गेलं नाही तर तालुक्यात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. एवढी अडचण माणूस स्वतःहून ओढवून घेतो, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

"म्हशी हलवायच्या," रात्री जेवताना ते म्हणाले. "शेण, माश्या, वास, कायबी दिसता कामा नये तिला."

"पर मॅडम म्हणाल्या की, तिला कामच शिकायचंय," राजलक्ष्मी म्हणाली.

"अगं, तसं बोलायची पद्धत असती. आपुन न्हाय का म्हणत, कायबी करू नका, नुसता च्या ठेवा? म्हनून कुणी पावन्याला नुसता च्या देतं व्हय? ती काम करते म्हनणार, आपुन करू द्यायचं न्हाय. पोरीच्या हातात शेणाची पाटी दिली आन् तिनं तिकडं जाऊन सांगितलं, तर यशचं काय हुईल?"

यशराजनं मान डोलावली. गोठा दूर न्यायच्या प्रत्येक योजनेला त्याचा मनापासून पाठिंबा असे.

म्हशी ठेवण्याजोगी जागा एकच होती, बांधापलीकडचा रावजीचा गोठा. रावजी मानसिंगरावांचा चुलतभाऊ. त्यानं ट्रॅक्टर घालून सामाईक बांध कोरला असं मानसिंगरावांचं म्हणणं होतं, आणि बांध मानसिंगरावांच्या अंगासारखा आपोआप झडतोय असं रावजीचं. त्या भांडणात मानसिंगरावांनी सोसायटीच्या दारात सगळ्यांसमोर पण केला होता की, पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवला तर मिशी ठेवणार नाही. तेव्हापासून पुरुषांचं बोलणं बंद होतं. बायकांचं चालू होतं, कारण दोन्ही घरं त्यावरच चालली होती.

राजलक्ष्मी जाऊन विचारून आली. रावजी लगेच हो म्हणाला. तो एवढ्या लगेच हो म्हणाल्यावर शहाण्या माणसाला शंका आली असती. मानसिंगराव आनंदानं चुना कालवायला बसले.

रिकामा गोठा पांढराशुभ्र झाला. शेणखताच्या उकिरड्यावर हिरवी नेट आली. घरातला सोफा गोठ्यात आणला, वर पंखा टांगला, आणि गव्हाणीत प्लास्टिकची फुलं खोचली. चौकात फ्लेक्स लागला, 'विदेशी पाहुण्यांचे वरकुटे नगरीत सहर्ष स्वागत'. त्यावर मानसिंगराव पुरुषभर उंचीचे होते. मारिकेचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून इंदापूरच्या फ्लेक्सवाल्यानं त्याच्या मनानं इंटरनेटवरची एक गोरी बाई लावली होती. ती केसांना शाम्पू लावत होती.

मारिके गाडीतून उतरली ती गमबूट घालूनच. उंच, लाल गालांची, हातांना कामाची सवय असल्याचं लांबूनच कळावं अशी मुलगी. तिनं फ्लेक्स बघितला आणि यशराजला इंग्रजीत विचारलं, ही कोण?

"माय आंटी," यशराज म्हणाला.

मग सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि मानसिंगराव भारत-नेदरलँड संबंधांवर बोलले. या संबंधांबद्दल त्यांना काहीच माहीत नसल्यामुळे त्यांना थांबायला जागा सापडेना. मारिकेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, म्हशी कुठं आहेत?

"उद्या," मानसिंगराव म्हणाले. "आज आराम."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती गमबूट घालून अंगणात हजर. यशराज झोपला होता. मानसिंगरावांनी त्याला हलवून उठवलं आणि गोठा दाखवायला पिटाळलं. मारिके सोफ्याकडे बघत राहिली, मग गव्हाणीतल्या फुलांकडे.

"बफेलोज?" तिनं विचारलं.

यशराजला सुचलं ते त्यानं सांगितलं. "ऑन हॉलिडे."

तो दिवस चहात गेला. गावात ज्यांच्या घरी मानसिंगराव एरवी उंबऱ्यावर चढत नसत, त्यांच्याकडेही ते तिला घेऊन गेले, आणि प्रत्येक घरी तिची ओटी भरली गेली. तिच्या खोलीत नारळांचा ढीग झाला. दुपारी कारखाना दाखवला, तोही बाहेरून. संध्याकाळी तिनं अंगणातला झाडू उचलला, तर मानसिंगराव धावत आले आणि तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. त्यांनी जन्मात पहिल्यांदा झाडू हातात धरला होता, त्यामुळे पुढं त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. तो त्यांनी सोफ्यावर ठेवला.

रात्री मारिके जेवली नाही. पोट बिघडलं असेल म्हणून मानसिंगरावांनी तिला लिंबू-सोडा पाजला. पोट नीट होतं, पोरगी वैतागली होती. एवढ्या लांब येऊन तिला शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसवून ठेवलं होतं, आणि हे कुणालाही कळलं असतं. पण मानसिंगराव सोडून सगळे कामात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची खोली रिकामी सापडली. गमबूटही नव्हते.

मानसिंगराव विहिरीकडं गेले, उसात हाका मारून आले, यशराजला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत पाठवलं. शेवटी बांधावर चढले, तेव्हा पलीकडून ओळखीचा आवाज आला. त्यांची मोठी म्हैस रेकत होती. तोच आवाज ऐकून मारिके पहाटे उठून निघाली होती.

रावजीच्या गोठ्यात चाललेलं काम बांधावरून नीट दिसत होतं. रावजीच्या म्हशींत या चार म्हशींची भर पडल्यामुळे हात कमी पडत होते. रावजीची मुलगी स्वरूपा यशराजच्याच वर्गात शिकायची, पण कॉलेजला निघायच्या आधी सगळा गोठा उरकायची. अशा घाईत दारात एक धट्टीकट्टी मुलगी येऊन उभी राहिल्यावर तिनं नाव-गाव विचारत न बसता तिच्या हातात शेणाची पाटी दिली होती. मारिकेचा चेहरा असा फुलला होता की, तसा तो सत्काराच्या शालीनंही फुलला नव्हता. कोपरापर्यंत शेण माखलेलं, आणि शेजारी बसून तिला धार काढायला शिकवत होती राजलक्ष्मी.

"अगं, तू हितं काय करतीस?" मानसिंगराव बांधावरून ओरडले.

"धार काढतीया."

"आपल्या म्हशीची धार रावजी काढंल ना."

"तिला गडीमाणसाचा हात चालत न्हाय," राजलक्ष्मी न वळता म्हणाली. "मी रोज पहाटं येती. तुमी झोपल्याला असता."

म्हशी सांभाळायच्या कष्टातून बायकोला सोडवलं, असं मानसिंगरावांनी आदल्याच दिवशी चेअरमनना सांगितलं होतं. तिचं काम कमी झालं नव्हतं, फक्त लांब गेलं होतं.

"यश," त्यांनी पोराला पुढं ढकललं. "जा, काम कर तिच्यासंगं. मला येता येत न्हाय."

यशराज गेला. मारिकेनं त्याला आनंदानं जागा करून दिली आणि कासेकडं बोट दाखवलं. घरच्या म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तिला हा माणूस माहीत नव्हता. तिनं एकच लाथ मारली आणि यशराज, बादली आणि त्याचे पांढरे बूट तीन दिशांना गेले. मारिकेनं आधी बादली उचलली.

त्यानंतर तिला परत आणायचा कुठलाच उपाय चालला नाही. ती पहाटे जायची, अंधार पडल्यावर यायची, नारळांशेजारी झोपायची. मानसिंगराव दिवसभर बांधावर उभे असत. त्यांना आता खरोखर भीती वाटत होती. पोरगं नालायक आहे हे त्यांना कळत होतं, म्हणूनच ते कुठंतरी लांब जाऊन माणूस होईल अशी त्यांची मनापासून आशा होती. असल्या आशेची खिल्ली उडवणं सोपं आहे. पण ती पुरी करायला त्यांनी गोठ्यात सोफा आणला, त्याला काय म्हणायचं?

आठवडा संपला. करुणा मॅडम आल्या त्या थेट रावजीच्या गोठ्यात. मारिके स्वरूपाच्या खांद्यावर हात टाकून आपण आठवडाभर म्हशींचं काम कसं शिकलो ते सांगत होती. मॅडमनी कुणाचं नाव पक्कं करायचं ते तिथंच ठरणार, हे मानसिंगरावांना बांधावरून कळलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि सगळा पण मोडून पलीकडं उडी मारली.

कुणी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. रावजी रतीबाच्या किटल्या मोजत होता. पणाची आठवण आता मानसिंगरावांखेरीज कुणाला उरली नव्हती.

"मॅडम, ह्या म्हशी माज्या हायत," ते धापा टाकत म्हणाले. "तिनं काम माज्याच म्हशींत केलंय."

"म्हशी तुमच्या असतील," मॅडम म्हणाल्या, "पण गोठा कुणाचा?"

"रावजीचा."

"मग तुमच्या गोठ्यात काय होतं?"

उत्तर मारिकेनं दिलं. तिनं आठवडाभरात शिकलेल्या मराठीत अगदी स्पष्ट सांगितलं, "सोफा."

उन्हाळ्यात स्वरूपा नेदरलँडला गेली. तिनं पहिल्याच दिवशी पाठवलेला फोटो गावभर फिरला. त्यात ती गमबूट घालून, हातात फावडं घेऊन उभी होती. पोरीला तिथं साधा नारळसुद्धा दिला नाही, असं मानसिंगराव चार ठिकाणी बोलून आले. पण ऐकणाऱ्यांचं लक्ष नव्हतं, कारण चौकात नवा फ्लेक्स लागला होता, 'वरकुट्याची कन्या परदेशात'.

मानसिंगराव बघायला गेले. वरती स्वरूपा होती, शेजारी मारिके होती (या वेळी खरी). खाली शुभेच्छुकांच्या रांगेत सरपंच, चेअरमन, रावजी आणि राजलक्ष्मी असे सगळे हसत होते. मानसिंगरावांनी रांग डावीकडून उजवीकडं बघितली, मग उजवीकडून डावीकडं. शेवटच्या चौकटीत त्यांची मोठी म्हैस होती. ते नव्हते.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"व्हय, बघितला मी," राजलक्ष्मी म्हणाली. "फोटो लई बेस आलाय म्हशीचा."