चौकटीतल्या पप्पांची हकीकत

श्री. ज्यांस अजून नीट बोलता येत नाही त्यांचेही म्हणणे जो ऐकतो, त्यास नमन करून हकीकत लिहिली जाते, ती येणेप्रमाणे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपदमासी, एक राज्य नांदत होते. राज्य म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि गुडघ्याच्या उंचीवर बसविलेले नळ. प्रजा तीन-चार वर्षांची. गादीवर प्रमिलाबाई, कारभार चोख: सकाळी प्रार्थना, मग गाणी, मग डबा, मग खेळ, आणि कोणी कोणास मारू नये हा एकच कायदा. तो कायदा केतकीबाई तांडेल यांनी मोडला. वय साडेतीन, वृत्ती शांत, डब्यातली शेव मागेल त्यास देत. परंतु घर-घर खेळावयास बसल्या की ओंकारराव म्हणून शेजारच्या सतरंजीवरचे सरदार, त्यांस चापट मारीत, आणि एके दिवशी दंडास चावल्या. मग ओंकाररावांच्या मातोश्रींनी तो दंड दरबारी दाखविला, आणि प्रमिलाबाईंनी केतकीबाईंच्या मातोश्री सुगंधाबाई यांस बोलावून घेतले, आणि मुलगी तापट झाली आहे असे सांगितले. सुगंधाबाई म्हणाल्या की तिचे पप्पा आखातात नोकरीस आहेत, मुलगी पाळण्यात असता गेले ते अद्याप आले नाहीत, रोज रात्री मोबाईलवर बोलतात. आता दिवाळी झाली की महिन्याची रजा मिळाली आहे, ते आले की मुलगी निवळेल. आणि हेही म्हणाल्या की त्यांनी दुसरे काही मागितले नाही, दारातून आत येताना मुलीने धावत येऊन मिठी मारावी, एवढेच रोज बोलून दाखवितात.

त्या राज्यात विदुलाबाई म्हणून एक होत्या. मुलांचे वागणे कसे पाहावे याचे शास्त्र शिकलेल्या, आठवड्यातून दोन दिवस येत, आणि लहान खुर्चीवर कोपऱ्यात अशा बसत की मुले त्यांस कपाट समजून वळसा घालून जात. त्यांची रीत अशी, की जे घडले ते आधी सांगावे आणि त्यास नाव मागाहून द्यावे. प्रमिलाबाई म्हणाल्या, "तापट आहे हे दिसतंच की." विदुलाबाई म्हणाल्या, "तापट दिसत नाही, बाई. उचललेला हात दिसतो. तो कधी उचलते, ते बघू द्या मला."

मग विदुलाबाईंनी पाहिले. प्रथम त्यांस वाटले की भांड्यांवरून तंटा आहे, म्हणून भांडी दुप्पट मांडविली, आणि चापटा होत्या तितक्याच राहिल्या. तेव्हा आपला तर्क चुकला असे त्यांनी प्रमिलाबाईंस स्वतः सांगितले. मग ध्यानी आले ते असे. दुकान-दुकान खेळण्याची एक लाकडी चौकट होती. केतकीबाई ती उभी करून मागे ओंकाररावांस बसवीत, त्यांचे नाव पप्पा, आणि पुढे स्वतः बसून विचारीत, जेवलात का, तिकडे ऊन आहे का, आणि मध्येच दटावीत की अहो, नुसतं कपाळ दिसतंय, खाली करा. ओंकाररावही इमानाने मान खाली करीत. तोवर सर्व गोड चाले. परंतु ओंकाररावांस भूक लागे, खोटी पोळी खावयास ते चौकटीला वळसा घालून सतरंजीवर येत, आणि चापट बसे ती तेथेच. विदुलाबाईंनी मग ओंकाररावांच्या जागी दुसऱ्या मुलास बसविले, नंतर एका मुलीस बसविले. चौकटीमागे असता कोणी मार खाल्ला नाही, बाहेर येता सर्वांनी खाल्ला. एकदा केतकीबाईंनी चापट मारल्यावर रडत म्हटले, "पप्पा बाहेर येत नसतात." विदुलाबाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. जे कळावयाचे ते कळले होते, आणि पुढे येणारा दिवसही त्यांस दिसत होता.

त्यांनी सुगंधाबाईंस एकीकडे घेऊन सर्व सांगितले, आणि विनविले की धावत येईल अशी आशा यजमानांस लावू नका. सुगंधाबाई म्हणाल्या की एवढ्या लांबून हे त्यांना कसे सांगू, आणि त्यांनी ते सांगितले नाही.

मार्गशीर्षमासी हरेश्वर तांडेल स्वदेशी आले. विमानतळावरून सुगंधाबाईंसह थेट राज्यात आले, हाती केतकीबाईंच्या उंचीची बाहुली. दारात गुडघे टेकून दोन्ही हात पसरले आणि "केतू" म्हणाले. केतकीबाई उठल्या, आणि विदुलाबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. सुगंधाबाई म्हणाल्या, अगं पप्पा आलेत. केतकीबाईंनी आपला तळवा पुढे केला, आणि म्हणाल्या, "पप्पा एवढे असतात. हा काका आहे." हरेश्वरांचे हात तसेच पसरलेले राहिले, मग त्यांनी ते बाहुलीभोवती मिटले आणि अंगणात जाऊन पायरीवर बसले.

विदुलाबाई मागोमाग गेल्या, आणि चौकटीची हकीकत थोडक्यात सांगून म्हणाल्या, "ती तुम्हाला विसरली नाही. जिथे तुम्ही रोज असता, तिथेच शोधतेय." हरेश्वर उठले, आणि भिंतीच्या बाहेरून खिडकीपाशी जाऊन त्यांनी चेहरा उघड्या खिडकीच्या चौकटीत आणला, आणि घसा खाकरून म्हणाले, "हॅलो केतू, दिसतंय का?" केतकीबाई पुढे आल्या. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "दिसतंय. जेवलात?" हरेश्वर म्हणाले की विमानात इडली खाल्ली, थंडगार होती. त्या म्हणाल्या की इकडे शेव होती, संपली. असे बोलणे बराच वेळ चालले, आणि प्रमिलाबाईंनी त्या दिवशीची गाणी तहकूब केली. मग केतकीबाईंस कंटाळा आला, आणि घरी रात्री करीत तसे बाय म्हणून त्यांनी बोलणे बंद करावयास हरेश्वरांच्या गालावर बोट दाबले. चेहरा गेला नाही. त्यांनी पुन्हा दाबले, आणि बोट तेथेच राहिले, कारण गाल मऊ होता आणि ओला होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "पप्पा, तुम्हाला पाय आहेत?" हरेश्वर म्हणाले, "आहेत. दाखवू?" केतकीबाई म्हणाल्या, "थांबा, मी येते," आणि दारातून बाहेर गेल्या. धावत गेल्या नाहीत, भिंतीस हात लावीत गेल्या.

एवंच, रजेचा महिना सरला आणि हरेश्वर पुन्हा आखातात गेले. केतकीबाईंचे मारणे बंद झाले, आणि खेळात पप्पा चौकटीबाहेर येऊन सतरंजीवर जेवू लागले. परंतु खेळ संपला म्हणून ओंकारराव उठू लागले, की केतकीबाई त्यांच्या सदऱ्याचे टोक धरीत आणि सोडीत नसत. आणि ओंकारराव, डब्याची घंटा झाली तरी, बसून राहत. त्यास विदुलाबाईंनी कोणतेही नाव दिले नाही. जे पाहिले तेवढे येथे उतरविले, अधिक नाही. शुभं भवतु.