मोडलेलं हाड झाकणारे डॉक्टर

एक्स-रेवर मोडलेलं हाड दिसलं, की आमचे मुजुमदारसर ते तळहाताने झाकतात आणि म्हणतात, "हं भिया, आता बघ." मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका इस्पितळात तातडीच्या विभागात ते डॉक्टर, मी नर्स. भिया म्हणजे इकडचा भैया, पण त्यांच्या लेखी बाई-पुरुष सगळे भियाच.

"एक मोडलेलं सापडलं, की डोळे सुट्टीवर जातात," हे त्यांचं ठाम मत. म्हणून आधी नाव, मग डावं-उजवं, मग फोटोचे कोपरे, आणि मोडलेलं सगळ्यात शेवटी. बाहेरही हीच तऱ्हा. पोह्यांत खडा लागला, की त्याचा जोडीदार शोधल्याशिवाय पुढचा घास नाही. लग्नाचा फोटो दाखवला, तर नवरा-नवरी राहिली बाजूला, "हा कडेचा रुसलेला मामा कोण?"

एकदा लोहारदा गावची एक बाई मोटरसायकलवरून पडून आली. मनगटाच्या वरचं हाड मोडलेलं, फोटोत लख्ख दिसत होतं. नवीन डॉक्टरने प्लास्टरची तयारी सांगितली. सरांनी फोटोवर हात ठेवला.

"यात कोपर कुठाय?"

"ते फोटोत आलं नाही, सर."

"आलं नाही म्हणून दुखत नसेल?" मग बाईकडे वळून, "भिया, कोहनी में दर्द है?"

"सबसे ज्यादा तो वहीं है, डाक्साब. किसी ने पूछा ही नी."

दुसरा फोटो काढला. कोपराचा सांधा निसटलेला. तसंच प्लास्टर घातलं असतं, तर हात जन्माचा अडला असता. नवीन डॉक्टर रडकुंडीला आला, तर सरांनी त्याला कचोरी खिलवली.

मागे मी मावशीकडे धारला निघाले होते. बसमध्ये शेजारी सर. उतरल्यावर आग्रहाने तिथल्या त्यांच्या घरी चहाला घेऊन गेले. घर बंदच होतं. त्यांची बायको तिथे शाळेत शिकवायची, हे देवासला. गाठ पडायची ती शनिवार-रविवारी. निवृत्तीनंतर एकत्र राहायचं ठरलं होतं. त्याआधीच त्या गेल्या. तरी दर शनिवारी सर येतात, खिडक्या उघडतात, त्यांच्या मोगऱ्याला पाणी घालतात.

"एकटं नाही वाटत इथे?" मी विचारलं.

"आठवडाभर बहुतेक हिंदीच बोलतो गं. शनिवारी ही मराठीत रागवायची." त्यांनी कप पुढे केला.

मी घोट घेतला आणि तोंडून निघूनच गेलं, "अहो, हा चहा आहे की पाक? साखर घालताना काही धरबंध?"

सरांनी आपला कप खाली ठेवला.

"अजून जरा रागव," म्हणाले.