दाबूनही न जाणारा ठिपका

“अगं, तो पेला नको घेऊस, दुसरा घे!” सासूबाई आतून ओरडल्या. “तो माझा औषधाचा आहे!”

पण सून कसली ऐकते! काचेच्या पेल्याला कसली आलीय मालकी! शिवाय ती पदवीधर, त्यात नवी नवी आई. म्हणजे अर्धी डॉक्टरच. कातडीवरच्या लाल डागांचे प्रकार तिला पाढ्यांसारखे पाठ होते. तान्ह्यांच्या मानेवरचा गुलाबी, स्ट्रॉबेरीसारखा फुगीर, नाकावरचा कोळ्याच्या पायांसारखा, उतारवयातला टाचणीच्या डोक्याएवढा. परीक्षा सोपी. वर काच दाबायची. लाली गेली तर ठीक. नाही गेली तर रक्त कातडीखाली झिरपलंय, दवाखाना गाठा!

तिने तान्ह्या ठमीला मांडीवर पालथं घातलं, मानेवरच्या डागावर पेल्याचं बूड टेकवलं, आत डोकावली. मधोमध लालभडक ठिपका! दाबला. जाईना! ठमीने भोकाड पसरलं, ठिपका ढिम्म.

“अरे, धाव! ठमीचा डाग जात नाहीये!”

नवरा अर्धी दाढी घेऊन धावत आला.

“नाक दे तुझं!”

“माझं? कशाला?”

“ताडून बघायला!” तिने पेला दाबला. “अगंबाई! तुलाही आहे!”

“पण मला तर बरं वाटतंय.”

“सुरुवातीला वाटतंच!”

मग सासूबाईंचा दंड. तिथेही तोच!

“तरीच!” सासूबाई मटकन खाली बसल्या. “काल जिना चढताना धाप लागली होती!”

स्वयंपाकघरात नळवाला गळका नळ खोलून बसला होता. त्याच्या कोपरावर लाल फोड दिसला.

“वहिनी, डास चावलाय.”

“डास असा चावत नाही, दादा! दाबलं तरी जात नाहीये!”

“वहिनी, लहान लेकरं आहेत हो माझी!” म्हणत तो पाना टाकून पळाला.

सगळ्यांचा ठिपका एकाच मापाचा! म्हणजे साथच की! सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे थडकली.

बाईंनी ठमीची मान बोटाने दाबली. लाली गेली, बोट उचलताच परतली. “रडली की गडद होतो ना? जन्मखूण आहे. हळूहळू फिकट होईल.”

“पण बाई, पेल्यातून बघा ना!”

बाईंनी पेला स्वतःच्या तळहातावर दाबला. “अरेच्चा! मलाही झालं की!” मग तो उलटा केला आणि बुडाला नख लावलं. लाल पापुद्रा टपकन टेबलावर पडला.

नेलपॉलिश!

“माझा पेला ओळखू यावा म्हणून लावलं होतं,” सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. “मी सांगत होते, दुसरा घे.”

तर ठमी मजेत आहे. नवऱ्याने उरलेली अर्धी दाढीही केली. घरचा नळ मात्र उघडाच, खाली बादली, आणि नळवाला फोन उचलत नाही. म्हणून तिची तुम्हाला हात जोडून विनंती: तुमच्या गल्लीत कोपराला डास चावलेला एखादा नळवाला राहत असेल, तर जरा डोकावून या. बिचारा बायकोमुलांचा निरोप घेत बसला असेल. त्याला सांगा, दादा, तुम्ही ठणठणीत आहात.

आणि येताना वायसर आणा म्हणावं. पाना इथेच आहे.