गुंडेरावांचा नेहरू शर्ट

गुंडेराव कुणाला भेटले की आधी नमस्कार करत नाहीत. त्याच्या शर्टाची बाही उलटी करून आतली शिवण बघतात. शिवण सरळ असली तर "ओके", नसली तर "माल रिजेक्ट!" पल्लवीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही हेच. मुलाचे वडील खुर्चीत टेकतात न टेकतात तोच यांनी त्यांची बाही धरली. "दोरा सुटलाय की ओ पाव्हणं!" मी शेजारीण, पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थिजले. म्हटलं, गेलं स्थळ! पण माणसं भली निघाली. हसली आणि लग्न ठरवूनच उठली.

संत तुकाराम नगरात आमची दारं समोरासमोर. गुंडेराव मूळचे लातूरकडचे, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. दिवसभर लोखंडी पार्ट मापायचे आणि घरी आले तरी तपासणी चालूच. एकदा माझ्या पापडांच्या डब्यावर या माणसानं रिजेक्टचा लाल स्टिकर चिकटवला होता. "कडा जाड हाय वैनी." त्यांची बायको सुमन, माझी मैत्रीण, तोंडाला पदर लावून हसत होती.

सुमनचा शिवणात हात धरणारं कुणी नव्हतं. आजार बळावला तेव्हा ती मला घेऊन पिंपरी कॅम्पात गेली, गर्द निळं कापड घेतलं आणि नवऱ्यासाठी नेहरू शर्ट कापला. तेव्हा पल्लवीच्या लग्नाचा पत्ताही नव्हता. "लेकीच्या लग्नात बाप नीट दिसाय पायजे. मी असंन नसंन," म्हणाली. गळपट्टीला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घातले तिनं. त्यापुढं तिला बसवेना. महिनाभरात गेली बिचारी.

लग्न ठरल्यावर गुंडेरावांनी ते तुकडे टेलरकडे नेले. तो म्हणाला, काका, ही जुनी कटिंग आहे, मी नव्यानं कापतो. यांनी गाठोडं उचललं ते थेट माझ्या दारात.

"वैनी, मला शिवायला शिकवा."

"अहो, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"न्हाई. तिथूनच शिकवा."

मी तोंडाची फटकळ. शिकवायला बसले की डोकं फिरतं माझं. पहिल्याच दिवशी त्यांनी सरावाच्या चिंधीबरोबर स्वतःची लुंगी शिवून टाकली, आणि उठायला गेले तर मशीनही निघालं सोबत. पुढं डावी बाही उजवीकडे जोडली. मी म्हटलं, "वा! आता हातांचीही अदलाबदल करून घ्या." चिडले नाहीत. "माल रिजेक्ट," असं स्वतःलाच सांगून मुकाट्यानं उसवत बसले. रोज शिफ्ट करून यायचे, हातपाय धुवायचे की मशीनवर. लोकांच्या बाह्या उलट्या करून बघायचं वेड तर त्या दिवसांत आणखीच वाढलं त्यांचं.

शर्ट झाला एकदाचा. पण घालून उभे राहिले तेव्हा कळलं, सुमननं कापला तेव्हाचा माणूस आता निम्मा उरला होता. शर्ट खुंटीला लटकल्यासारखा लटकत होता.

"दोन्ही बाजूंनी आत घेऊ," मी म्हटलं.

"न्हाई वैनी. ड्रॉइंगला हात लावायचा न्हाई."

"कसलं डोंबलाचं ड्रॉइंग?"

त्यांनी शर्ट काढून उलटा केला. आत सुमनच्या खडूची रेघ पुसट दिसत होती आणि शिवण बरोब्बर तिच्यावरून गेली होती. "ड्रॉइंग तिचं. आपण नुसतं ऑपरेटर," म्हणाले.

"बरं, निदान गळपट्टीचे ते कच्चे टाके तरी ओढून काढा," मी जाता जाता बजावलं. पक्की शिवण झाली की त्यांचं काय काम?

"काढतो की."

लग्नात कन्यादानाची वेळ आली. कन्यादानाला जोडी लागते म्हणे! म्हणून पाटावर पल्लवीचे काका-काकू बसले, आणि ज्यानं लेकीला वाढवलं तो बाप ढगळ शर्टात खांबाला टेकून उभा. पल्लवी मान वळवून वळवून त्यांनाच शोधत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुणाला? तणतणत गुंडेरावांपाशी गेले, तर गळपट्टीवर पांढरे टाके जसेच्या तसे.

"अहो, सगळे फोटो काढतायत आणि हे दोरे काय मिरवताय?" मी टाक्याखाली नख घातलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांचा शेजार, पण हा माणूस कधी मान वर करून बोलला नव्हता माझ्याशी. डोळे भरून आले होते त्यांचे.

"ऱ्हाऊ द्या वैनी. बाकी समदी शिवण माझी हाय. तेवढेच टाके तिच्या हातचे हैत."

मी नख काढून घेतलं. तेवढ्यात स्टेजवरून पल्लवीची हाक आली, "पप्पा, या ना फोटोला!" गुंडेराव घुटमळले, काका-काकूंकडे बघायला लागले. मी त्यांची गळपट्टी सरळ केली, टाके नीट दिसतील अशी.

"जा," मी म्हटलं. "जोडीनं जा."